मुकी झालेली गिटार

एखादे यंत्र चालेनासे झाले, म्हणजे आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा : "हे कोणी बिघडविले?" "यात काय बिघडले?" हा प्रश्न मागाहून येतो आणि पुष्कळदा येतच नाही. खरे पाहता दुसरा प्रश्न आधी विचारला, तर पहिल्याचे उत्तर आपोआप मिळते. मात्र ते आपल्याला आवडेलच असे नाही. ही गोष्ट मी आयुष्यभर मुलांना शिकविल्यानंतर एका तेरा वर्षांच्या मुलाबरोबर शिकलो. ती हकीकत तुम्हांला सांगतो.

आमचे सायखेडा हे गाव निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी आहे. नदीपलीकडे चांदोरी. दोन्ही गावांना जोडणारा पूल आहे. पण नदीला मोठा पूर आला की तो पाण्याखाली जातो आणि समोर दिसणारे गाव एकाएकी दूरचे होते. आमच्या शेजारी आठवीत शिकणारा एक मुलगा राहतो. त्याला गिटार वाजविण्याचा नाद लागला होता. उन्हाळ्याच्या सुटीत त्याने मामांच्या शेतावर कांदा चाळीत भरण्याच्या कामी हातभार लावला होता. मामांनी दिलेले ते पैसे आणि दिवाळीची ओवाळणी एकत्र करून त्याने नाशिकच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडून वापरलेली इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. सोबत छोटा ॲम्प्लिफायर व एक केबलही मिळाली.

पहिले तीन आठवडे आनंदात गेले. शाळेच्या स्नेहसंमेलनात एक गीत वाजविण्याचे त्याच्याकडे ठरले. आणि संमेलनाला सहा दिवस उरले असताना गिटार मुकी झाली. तारा छेडल्या तर स्वर नाही. ॲम्प्लिफायरमधून मात्र भुंग्यासारखी मोठी गुणगुण अखंड चालू!

रडवेला होऊन तो माझ्याकडे आला. "सर, मला फसवले. बिघडलेली वस्तू माझ्या गळ्यात मारली." मलाही त्याचा कळवळा आला. गिटारविषयी मला काडीचेही ज्ञान नाही, तरी मी म्हणालो, "फसवलेच म्हणायचे." त्याने त्या विद्यार्थ्याला पाठविण्यासाठी मोबाईलवर एक कडक मजकूर लिहिला होता. "तुम्ही मला जाणूनबुजून खराब गिटार विकली, माझे पैसे परत करा," असा त्याचा आशय. मी त्यातील शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या आणि तो मजकूर रवाना झाला. आता त्या गोष्टीची मला लाज वाटते. पण सांगावयाचे तर सर्वच सांगितले पाहिजे.

पलीकडून उत्तर आले नाही. मुलाची आई नवे भाग आणण्यासाठी पैशांची जुळवाजुळव करू लागली. तेव्हा मला आमच्या गावातील रेडिओ दुरुस्त करणाऱ्या वृद्ध कारागिरांची आठवण झाली. सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणतात. २०१६ सालच्या ऑगस्ट महिन्यात गोदावरीला महापूर आला आणि सायखेड्याच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा लोकांनी भिजलेली यंत्रे त्यांच्या दारात आणून टाकली होती. "लावून तर पाहा," असा प्रत्येकाचा आग्रह. पण काकांनी एकही ओले यंत्र विजेला जोडले नाही. एकेक उघडले, वाळविले, तपासले आणि मगच चालू केले. घाई न करणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती आहे. गिटार, केबल आणि ॲम्प्लिफायर सायकलवर लादून आम्ही त्यांच्या दुकानी गेलो.

काकांनी गिटारीला हातही लावला नाही. त्यांनी एक वही पुढे ओढली आणि मुलाला तीन प्रश्न विचारले. "नेमके काय होते? कधीपासून होते? त्याआधी तू कशाला हात लावला होतास?" पहिल्या दोहोंची उत्तरे मुलाने नीट दिली. तिसऱ्याला तो म्हणाला, "कशालाच नाही, काका." काकांनी तेही वहीत लिहून घेतले.

मग त्यांनी ॲम्प्लिफायरची विजेची वायर उचलून पाहिली. "घरी हा कोणत्या बोर्डात लावतोस?" त्या बोर्डाला दोनच छिद्रे असल्याने तिसरी पिन बाहेर राहील असा जोड लावल्याचे मुलाने सांगितले. काकांचा चेहरा गंभीर झाला.

"बाळा, गिटार मुकी झाली ती दुरुस्त होईल, पण हे आधी बंद कर," ते म्हणाले. "गिटारीच्या आतली वीज मुंगीएवढी. ती एका व्होल्टच्याही आतली, तिच्यापासून भय नाही. ॲम्प्लिफायरमध्ये मात्र घरातली दोनशे तीस व्होल्टची वीज येते. तुझ्या गिटारीच्या तारा केबलमधून ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. आत काही बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली, तर तिला जमिनीकडे नेणारी वाट म्हणजे ही तिसरी, जाड पिन. तीच तोडलीस तर वीज तारांवर येईल, आणि तारांवर तुझी बोटे असतात."

ही नुसती भीती नव्हे. लेस हार्वे या नावाचा एक तरुण स्कॉटिश गिटारवादक १९७२ सालच्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी या शहरी रंगमंचावर वाजवीत असता, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला आणि विजेच्या धक्क्याने त्याचा मृत्यू झाला. त्याचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. म्हणून मुलांनो, तीन पिनांचे यंत्र अर्थिंग असलेल्या तीन छिद्रांच्या बोर्डातच लावावे, आणि ॲम्प्लिफायर स्वतः कधीही उघडू नये. तो बंद केल्यावरही त्याच्या काही भागांत विजेचा साठा उरलेला असू शकतो.

यानंतर काकांनी अर्थिंगची खात्री असलेल्या आपल्या बोर्डात ॲम्प्लिफायर लावला. पण दोष शोधावयाचा, तर यंत्राचे काम कसे चालते हे ठाऊक हवे. म्हणून त्यांनी मुलाला ते आधी समजावून दिले.

साध्या गिटारीचे पोकळ पोट तारांचा नाद मोठा करते. मोठ्या वाद्यवृंदात मात्र तो नाद हरवून जाई. यावर उपाय म्हणून अमेरिकेत १९३१ च्या सुमारास विजेवर चालणारी गिटार तयार झाली आणि १९३२ साली ती विक्रीला आली. पुढे रिकनबॅकर या नावाने प्रसिद्ध झालेल्या कारखान्याची ती गिटार गोल व लांब दांड्याची होती. म्हणून लोक तिला गमतीने तळणीचा तवाच म्हणत. तिच्यामागचे तत्त्व मात्र शंभर वर्षे जुने होते. चुंबकाचा प्रभाव बदलत राहिला तर जवळच्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले होते. गिटारीच्या तारांखाली जो पिकअप बसविलेला असतो त्यात चुंबक असतो, आणि त्याभोवती केसाहूनही बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकाचा प्रभाव हालतो आणि वेढ्यांत तितक्याच वेगाने हालणारी सूक्ष्म वीज उत्पन्न होते. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ब्याऐंशी वेळा कंप पावते. तिची वीजही तितकीच आवर्तने घेते. ही वीज पिकअप निवडण्याच्या खटक्यातून, आवाज कमी-अधिक करण्याच्या कळांतून, केबल खोचावयाच्या जॅकपर्यंत येते. तेथून ती केबलने ॲम्प्लिफायरकडे जाते व मोठी होऊन आपल्या कानी पडते.

"म्हणजे ही एक वाट आहे," काका म्हणाले. "पिकअप, खटका, कळ, जॅक, केबल, ॲम्प्लिफायर. आणि लक्षात ठेव, विजेला जाण्याची जशी वाट लागते तशी परतीचीही लागते. कुठेतरी वाट मोडली आहे. ती सगळी उकरावयाची नाही; मोडलेली जागा शोधावयाची. त्यासाठी तीन नियम. आधी बाहेरचे, मग आतले. आधी सोपे, मग अवघड. आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्यास, तर आवाज आला तरी तो कशामुळे आला हे तुला कधीच कळणार नाही."

हे ऐकून मला वर्गातील वाक्यपृथक्करण आठवले. वाक्याचा अर्थ लागत नसेल तर आपण सारे वाक्य खोडून टाकीत नाही. कर्ता कोणता, कर्म कोणते, क्रियापद कोठे आहे, असे एकेक पद पाहत जातो आणि अडलेली जागा सापडते. पण हीच शिस्त मी आदल्या दिवशी त्या मजकुराला लावली नव्हती.

तपासणी सुरू झाली. काकांनी प्रथम केबल ॲम्प्लिफायरमधून काढून घेतली आणि तो एकटाच चालू केला. अगदी बारीक सूं असा आवाज, गुणगुण नाही. वहीत नोंद झाली : ॲम्प्लिफायर निर्दोष. मग मुलाची केबल बाजूला ठेवून दुकानातील चांगली केबल जोडली. गुणगुण पूर्वीसारखीच. मुलाची केबल मल्टिमीटर या मापकाने तपासली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही तारा अखंड, आणि एकमेकींना कोठेही चिकटलेल्या नाहीत. केबल वाकवून, हालवून पाहिली तरी तेच. नोंद झाली : केबल निर्दोष.

"आता दोष गिटारीत," मुलगा म्हणाला. "पिकअपच गेले असतील."

"पिकअप किती आहेत?"

"तीन."

"खटका फिरवून एकेक लावून पाहा."

मुलाने खटका सर्व जागी फिरवून पाहिला. प्रत्येक जागी स्वर नाही आणि गुणगुण तीच. काका म्हणाले, "घरातले तीनही दिवे एकाच क्षणी गेले, तर तू तीन दिवे विकत आणशील, की जेथून तिघांना वीज येते ती जागा पाहशील?" मुलगा हसला. तिघांची वाट जेथे एक होते, त्याच्या पुढेच कोठेतरी दोष असणार होता. नव्या पिकअपांसाठी आईने जमविलेले पैसे त्या एका प्रश्नाने वाचले.

"आता आवाजाची कळ शून्यावर आण." मुलाने ती पूर्ण फिरविली. गुणगुण जराही कमी झाली नाही. काकांनी मान डोलावली. "निरोगी गिटारीत कळ शून्यावर आणली की जाणारी वाट परतीच्या वाटेला जोडली जाते आणि सर्व शांत होते. येथे होत नाही, म्हणजे मोडतोड कळेच्याही पुढे आहे. कळेपुढे काय उरले?"

मुलाने वहीतील वाटेकडे पाहिले. "जॅक," तो हळूच म्हणाला.

खात्रीसाठी काकांनी गिटारीत केबल खोचून तिच्या मोकळ्या टोकाशी मल्टिमीटर लावला. कळ पूर्ण उघडी असता अशा गिटारीत साधारण सहा ते आठ हजार ओहम इतका रोध दिसावयास हवा. येथे वाट अखंड नाही, अशीच खूण दिसली. मग सर्व जोडण्या काढून त्यांनी जॅकच्या पट्टीचे दोन स्क्रू सोडविले आणि पट्टी अलगद उचलली.

आतल्या दोन तारांना वेणीसारखा पीळ पडला होता. त्यांतील काळी, म्हणजे परतीची तार आपल्या जागेवरून तुटून लोंबत होती.

"परतीची वाट तुटली," काका म्हणाले. "म्हणून स्वर पोचेना. आणि भिंतींतून खेळणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते ना, तिची चाहूल या उघड्या पडलेल्या वाटेने उचलली. ती तुझी गुणगुण." मग तो पीळ बोटाने दाखवीत त्यांनी शांतपणे विचारले, "बाळा, हा पीळ कोणी घातला असेल?"

मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, जॅकचा नट सैल झाला होता. केबल हालली की खरखर यायची. म्हणून मी बाहेरून पक्कड लावून तो आवळत होतो. दर दोन दिवसांनी."

बाहेरून नट फिरविला की आतला जॅकही त्याच्याबरोबर फिरतो. तारा पिळल्या जातात आणि एक दिवस डाख सुटतो. तार तुटली होती ती विकणाऱ्याच्या हाताने नव्हे, विकत घेणाऱ्याच्या हाताने.

"मी विचारले तेव्हा तू 'कशालाच नाही' म्हणालास," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू खोटे बोलला नाहीस; तुला ते आठवण्याजोगे वाटले नाही. पण ती गोष्ट वहीत पहिल्या ओळीवर असती, तर आपण थेट येथे आलो असतो. दोष शोधणाऱ्याने आपला हात निर्दोष धरून सुरुवात करू नये."

पुढचे काम दहा मिनिटांचे होते. काकांनी तारांचा पीळ उलगडला. तुटलेले टोक स्वच्छ केले. तप्त कावियाने तार आणि जॅकचा पत्रा ही दोन्ही तापवून मगच त्यांवर डाख सोडला. नुसता डाख वितळवून वर ठेवला तर तो धरल्यासारखा दिसतो, पण आतून धरत नाही. चांगला डाख चकचकीत व गुळगुळीत दिसतो. हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीवाचून करू नये, कारण कावियाचे टोक क्षणात कातडी भाजते. शेवटी त्यांनी जॅक आतून बोटांनी घट्ट धरला आणि बाहेरून नट आवळला. "हे एवढेच करावयाचे होते," ते मुलाला म्हणाले. मल्टिमीटरने सुमारे सात हजार ओहम दाखविले. मुलाने तार छेडली, आणि दुकानभर स्वर घुमला.

निघताना काकांनी गिटारीच्या इतर खोड्याही वहीत उतरवून दिल्या. कळ फिरविताना खरखर होत असेल, तर कळेच्या आत धूळ साचलेली असते; विजेच्या भागांसाठी मिळणारा सफाईचा फवारा मारून ती कळ अनेकदा मागेपुढे फिरवावी. खटक्याच्या एकाच जागी आवाज जात असेल, तर खटक्याचा तो स्पर्श किंवा तोच पिकअप पाहावा. केबल हालविल्यावर आवाज येत-जात असेल, तर आधी दुसरी केबल लावून पाहावी. तरीही तसेच झाले, तर जॅक. थोडी गुणगुण असून तारांना हात लावताच ती कमी होत असेल, तर बहुतेक गिटारींत तसे होतेच; त्यात बिघाड नाही.

परत येताना मुलगा गप्प होता. पुलापाशी आल्यावर त्याने सायकल थांबविली. "सर, त्या दादाला काय सांगू?"

"जे वहीत आहे तेच," मी म्हणालो. "आणि त्या मजकुराला माझाही हात लागला होता, हेही सांग."

त्याने तेथूनच फोन लावला. चूक आपली होती, रागाने लिहिले, क्षमा करा, असे तो अडखळत बोलला. पलीकडच्या विद्यार्थ्याने आधी काहीच उत्तर दिले नाही. मग तो म्हणाला, "नट सैल आहे हे मला माहीत होते रे. सांगायचे राहून गेले. मजकूर वाचून मला वाईट वाटले, म्हणून उत्तर दिले नाही." मग मीही फोन घेऊन त्याची क्षमा मागितली. तेव्हापासून अडचण आली की मुलगा त्यालाच विचारतो.

स्नेहसंमेलनात गिटार वाजली. एका जागी मुलाचा स्वर चुकला, पण गिटार चुकली नाही. ती वही त्याने जपून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर काकांचे तीन प्रश्न आहेत, आणि तिसऱ्याखाली त्याने स्वतःच्या हाताने रेघ ओढली आहे.

मुलांनो, गिटार तुमच्याकडे असेल वा नसेल. दिवा, सायकल, पंप, घरातील भांडण, मित्राशी आलेला दुरावा, यांपैकी काहीतरी केव्हातरी बिघडणारच. तेव्हा आधी काय घडले ते लिहून काढा, एकेक गोष्ट तपासा, आणि दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपला हात कोठे लागला होता हे आठवून पाहा.

स्वाध्याय

१. मिस्त्रीकाकांनी गिटारीला हात लावण्यापूर्वी कोणते तीन प्रश्न विचारले? त्यांतील तिसरा प्रश्न महत्त्वाचा का ठरला?

२. कारणे द्या : (अ) काकांनी दोष शोधण्याआधी तिसऱ्या पिनेकडे लक्ष दिले. (आ) तीनही पिकअप बिघडले नसावेत, असे काकांना वाटले. (इ) नट आवळताना जॅक आतून धरणे आवश्यक होते.

३. "एका वेळी एकच बदल" या नियमाचा उपयोग तुमच्या सायकलीतील वा घरातील एखादा बिघाड शोधताना कसा कराल, ते आठ-दहा ओळींत लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : गळ्यात मारणे, हातभार लावणे, कळवळा येणे, बोट दाखविणे.

५. मुलाने त्या विद्यार्थ्याला फोन न करता पत्र लिहिले असते तर काय लिहिले असते? ते पत्र लिहा.